गाण्यातील उच्च-नीच : एका श्रोत्याची अप्रिय मते

(विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या मेळाव्यात मी आजवर बँकेच्या भरती परीक्षांविषयी बोलत आलो आहे. यंदा कार्यवाहांनी 'विषय तुमच्या आवडीचा घ्या' असे सुचविले. मी ते शब्दशः घेतले आणि आवड हाच विषय निवडला. त्यातही गाण्याची आवड. मी गायक नाही, वादक नाही, संगीत विशारद तर नाहीच नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत लिपिक, आणि लहानपणापासून मिळेल ते गाणे ऐकत आलेला एक साधा श्रोता एवढीच माझी पात्रता. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी स्वतःचे असे काहीतरी लागते. मला ते गाण्यात सापडले. आज जी मते मांडणार आहे, त्यांतील काही व्यासपीठावरील मंडळींना रुचणार नाहीत आणि काही समोर बसलेल्या तरुणांना रुचणार नाहीत. दोन्ही बाजूंना सारखे वाटप होईल याची काळजी घेतली आहे.

हा विषय वरकरणी करमणुकीचा वाटतो. परंतु आपल्या वस्तीतील एक विद्यार्थी अभियांत्रिकीसाठी मोठ्या शहरात गेला. वसतिगृहात जाण्याच्या आदल्या रात्री त्याने मोबाईलमधील भीमगीतांची सगळी यादी पुसून टाकली. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, "सर, खोलीतली मुले विचारतात, काय ऐकतोस? मग पुढचे सगळे प्रश्न त्यांना विचारावेच लागत नाहीत." त्या जागी त्याने कुठल्यातरी इंग्रजी वाद्यवृंदाची गाणी भरली होती. त्यातला एक शब्द त्याला कळत नव्हता. इंग्रजी गाणी ऐकण्यास माझी हरकत नाही, मीही ऐकतो. पण ही गाणी त्याने ऐकण्यासाठी घेतलीच नव्हती, दाखविण्यासाठी घेतली होती.

'तुम्ही काय ऐकता?' हा प्रश्न आपल्याकडे आडनावाच्या प्रश्नाचा धाकटा भाऊ आहे. कार्यालयातील डब्याच्या वेळी, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात, मुलाखतीत छंदाचा रकाना वाचून, तो कुठेही विचारला जातो. त्याला एक सुरक्षित उत्तर आहे, तेही सर्वांना पाठ आहे : 'जुनी हिंदी गाणी.' या उत्तराने कोणाचे काही बिघडत नाही आणि उत्तर देणाऱ्याविषयी कोणाला काही कळतही नाही. माझा आजचा मुद्दा असा की, अमुक गाणे उच्च आणि तमुक गाणे हलके ही जी प्रतवारी आपण गृहीत धरतो, ती बव्हंशी स्वरांवरून ठरलेली नाही. ते गाणे कोण गात होते, कुठे बसून गात होते आणि ऐकायला कोण येत होते, यावरून ती ठरली आहे. हे मी पुराव्यानिशी सांगू इच्छितो.

पहिला पुरावा आपल्या घराघरांत असलेल्या पेटीचा. पेटी म्हणजे हार्मोनियम. आज तिच्याशिवाय भजन नाही, कव्वाली नाही, ख्याल गायकाची मैफल सहसा नाही. परंतु 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओवर या वाद्याला बंदी होती. तीही थोडीथोडकी नव्हे, 1971 पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे. ही बंदी इंग्रजांच्या काळात सुरू झाली आणि स्वराज्य आल्यावरही चोवीस वर्षे चालली. रेडिओच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने पेटीविरुद्ध मोहीम उघडली होती. लायनेल फील्डन हे त्या वेळी रेडिओचे प्रमुख होते, त्यांना ते पटले. रवींद्रनाथ टागोरांसारख्या थोर पुरुषाचाही पेटीला विरोधच होता. गंमत पाहा, युरोपात जन्मलेले वाद्य हिंदुस्थानी संगीत बिघडविते, असे हिंदुस्थानला सांगण्यात युरोपियन माणूसच पुढे होता.

आक्षेपात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पेटीच्या पट्ट्यांचे स्वर कारखान्यातून ठरून येतात. दोन स्वरांमधली जागा तिला दाखविता येत नाही, म्हणजे मींड घेता येत नाही. आपल्या रागांत एकच गंधार निरनिराळ्या रागात किंचित वर-खाली लागतो, पेटी मात्र एकच गंधार सर्वांना वाटते, रेशनच्या दुकानासारखा. हे सगळे खरे. पण ज्या मैफलींत रेडिओचे यंत्र नव्हते, तिथे याच एकतीस वर्षांत मोठमोठे गवई पेटी घेऊनच बसत होते. गाणाऱ्याने श्वास घेतला की मध्ये पोकळी पडते, ती पेटी भरून काढते, आणि गाणाऱ्याच्या मागोमाग सावलीसारखी जाते. महाराष्ट्रात गोविंदराव टेंबे यांच्यापासून पुढे गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशा वादकांनी या वाद्यातून काय काढून दाखविले, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना पेटीची उणीव आठवतही नाही.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. सारंगी हे वाद्य मानवी गळ्याच्या सर्वांत जवळचे समजले जाते. तिला मींड येते, गमक येते, पेटीला जे जे येत नाही ते सर्व येते. मग पेटीवर बंदी आणि सारंगीला मान, असे झाले का? मुळीच नाही. सारंगीये बहुतेक मुसलमान कलावंत घराण्यांतले, त्यांचे आयुष्य तवायफांच्या साथीत गेलेले. त्यामुळे पांढरपेशा घरांतील मुली गाणे शिकू लागल्या तेव्हा सारंगी दिवाणखान्यात नको वाटली आणि पेटी चालली. म्हणजे एका वाद्याला परदेशी म्हणून हिणवायचे आणि दुसऱ्याला बाईच्या कोठीवरचे म्हणून. स्वरांचा हिशेब खरोखर कोणी केला असता, तर तो असा लागला नसता. स्वातंत्र्याच्या आसपास रेडिओने अशा गायिकांनाही दारे बंद केली, ज्यांचे खाजगी जीवन अधिकाऱ्यांना 'प्रतिष्ठित' वाटत नव्हते. ठुमरी मात्र ठेवली. गाणे हवे, गाणारी नको.

दुसरा पुरावा नाट्यसंगीताचा. आमच्या शाखेत एक निवृत्तीला आलेले सहकारी होते, अत्यंत सज्जन. नाट्यसंगीत सोडून बाकी सर्व कोलाहल, असे त्यांचे मत. मी त्यांना नम्रपणे विचारीत असे की, हे नाट्यसंगीत आले कुठून? अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' 1880 साली रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली लोकांच्या कानांवर आधीपासून असलेल्या होत्या : साकी, दिंडी, लावणीच्या वळणाच्या, कर्नाटकी. पुढे 1911 साली 'मानापमान' आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या, आणि त्यांत पूरबेकडील ठुमरी-कजरीचा, म्हणजे पुन्हा त्या कोठीवरच्याच गाण्याचा, मोठा वाटा होता. तेव्हाच्या तरुणांचे ते चालू गाणे होते. शंभर वर्षे उलटली, गाणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची प्रतिष्ठा वाढली, आणि गाणे अभिजात झाले. त्यात गैर काही नाही. मलाही ती पदे आवडतात. फक्त कालच्या चालू गाण्याने आजच्या चालू गाण्याला नाके मुरडू नयेत, इतकेच माझे म्हणणे.

तिसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ 1952 ते 1962 या काळात केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे कळकळीचे भक्त. रेडिओवर शास्त्रीय संगीताला जे स्थान मिळाले, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या धोरणामुळे आणि निर्मात्यांशी झालेल्या वादामुळे 1952 मध्ये हिंदी चित्रपटगीते सरकारी रेडिओवरून जवळजवळ नाहीशी झाली. मग काय झाले? लोकांनी रेडिओचा काटा सरळ कोलंबोकडे फिरविला. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, आणि अमीन सयानींच्या आवाजासाठी लोक बुधवारची वाट पाहू लागले. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारलाच विविध भारती काढावी लागली. मंत्रिमहोदयांची कळकळ खरी होती, परंतु हुकमाने कोणाचा कान बदलत नाही.

इथवर सर्वांनी माना डोलविल्या, कारण दोष इतरांचा होता. आता माझी स्वतःची मते सांगतो.

ख्यालगायनाच्या मैफलीत विलंबित लयीतील पहिली वीस-पंचवीस मिनिटे मी बहुधा सभ्यपणे बसून काढतो. मला त्यात गोडी लागत नाही. द्रुत सुरू झाले की मी जागा होतो. हे मी अनेकांजवळ बोललो आहे. निम्मे लोक दचकतात, उरलेले निम्मे हळूच म्हणतात, 'आमचेही तसेच आहे.' उलट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका मी कितीदाही ऐकू शकतो. मिरजेला राहिलेला हा महान गायक 1937 साली गेला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन ते साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात त्यांनी राग उभा केला, त्यात कारुण्य भरले आणि तबकडी संपायच्या आत आवरतेही घेतले. म्हणून तीन मिनिटांचे ते हलके आणि तीन तासांचे ते भारी, हे समीकरण मला मान्य नाही. चित्रपटगीताला जी तीन-चार मिनिटांची बेतशीर बांधणी आली, ती याच तबकडीच्या मापातून आली. कमी जागेत संसार करणाऱ्या आपल्या आया-बहिणींना त्यातील कौशल्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गझलगायन मला कंटाळवाणे वाटते. गझल मला वाचायला आवडते. सुरेश भटांचे संग्रह माझ्याकडे पानेपाने सुटेपर्यंत वाचलेले आहेत. पण एकच ओळ आठ-दहा प्रकारे घोळवून श्रोत्यांकडून 'वाहवा' वसूल करण्याचा जो प्रकार चालतो, त्यात शेराचा टोला बोथट होतो. याउलट ज्या पार्श्वसंगीतप्रधान, मोठ्या वाद्यवृंदाच्या गाण्यांना जाणकार 'गोंगाट' म्हणतात, ती मला आवडतात. 2016 च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. खेड्यातील दोन पोरांच्या प्रेमामागे व्हायोलिनांचा एवढा मोठा ताफा उभा राहिलेला ऐकला, तेव्हा मला ते उधळपट्टीचे वाटले नाही. त्या पोरांचा तेवढा मान होता, असेच वाटले.

आता लावणी. येथे मात्र मी दोन्ही पक्षांचा रोष ओढवून घेणार. लावणीला केवळ अश्लील म्हणून झटकणारे लोक तिची लय, ढोलकीची बोलकी थाप आणि अदाकारीतील बुद्धी पाहतच नाहीत. ते चुकीचे आहे. परंतु अलीकडे दूरचित्रवाणीच्या स्पर्धांतून लावणीला 'महाराष्ट्राची लोकधारा' म्हणून डोक्यावर घेणारे लोकही एक गोष्ट सोयीने विसरतात. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहाच्या निधीसाठी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले होते. बापूराव जातीने ब्राह्मण, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, आणि त्यांच्या फडातील प्रसिद्ध पवळा आपल्या समाजातील. बाबासाहेबांनी ती मदत नाकारली. आपल्या स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा चळवळीला नको, अशी त्यांची भूमिका होती. तो निवाडा ढोलकीवर नव्हता आणि चालीवरही नव्हता. जिच्या पायांत घुंगरू बांधले, तिला दुसरा काही मार्ग ठेवला होता काय, हा तो प्रश्न होता. म्हणून लावणी ऐकताना मी दाद देतो आणि हा प्रश्नही सोबत ठेवतो. एकामुळे दुसरे सोडावे असे मला कधी वाटलेले नाही. त्याच तमाशाच्या साच्यातून गण-गौळण बाजूला काढून 1930 च्या दशकात आपले जलसे उभे राहिले, आणि पुढे अण्णाभाऊ साठ्यांनी त्याच साच्यातून लोकनाट्य घडविले. साचा टाकून न देता त्यातला माल बदलण्याचे हे काम होते.

हलगीचेही तेच. तबल्यावर कातडे आहे, मृदंगावर कातडे आहे, हलगीवरही कातडेच आहे. तबला गालिच्यावर बसला आणि हलगी मात्र चावडीबाहेर उभी राहिली. दक्षिणेतील गायक टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडविणाऱ्या कारागिरांवर 2020 साली एक पुस्तक लिहिले. देवळाच्या सभामंडपात वाजणाऱ्या त्या पवित्र वाद्यासाठी गाय, म्हैस आणि बकरी यांची कातडी लागतात, आणि ती निवडून, कमावून, ताणून बसविणारे कारागीर बहुतेक दलित ख्रिश्चन आहेत, हे त्यांनी साधार दाखविले. वादकाला पुरस्कार मिळतो, कातडे ताणणाऱ्याचे नावही कोणास ठाऊक नसते. हलगीवाला मात्र स्वतःच कातडे ताणतो, स्वतःच विस्तवावर शेकून आवाज चढवितो आणि स्वतःच वाजवितो. म्हणून तिची कला लपविता आली नाही. ती कोणाची आहे हेही लपविता आले नाही.

आता आपल्या घरातल्या गाण्याकडे वळतो.

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून संगीत समीक्षा येते. त्यात ख्याल असतो, भावगीत असते, गझल, जॅझ, सारे काही असते. भीमगीतांच्या कार्यक्रमाची बातमी 'जयंती उत्साहात' या मथळ्याखाली येते, तीही आवाजाच्या तक्रारीसह. हा एक संगीतप्रकार आहे, त्याला स्वतःची घडण आहे, हे गृहीतच धरले जात नाही. वास्तविक त्याची घडण अगदी स्पष्ट आहे. पेटी, ढोलक, बेंजो, टाळ्या, मुख्य गायकाची ओळ झेलणारा कोरस, कव्वालीतून आलेला सवाल-जबाबाचा डौल, आणि अधूनमधून जलशातून आलेले बोलणे. वामनदादा कर्डकांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. लिहिणे-वाचणे त्यांना मोठेपणी शिकावे लागले. त्या माणसाने गावोगाव पायपीट करून गाणी पोहोचविली. रेडिओ आपला नव्हता, तबकडी काढणारी कंपनी आपली नव्हती. 1980 नंतर स्वस्त कॅसेट आली, तेव्हा कुठे ही गाणी दुकानात दिसू लागली. त्याच कॅसेटच्या ढिगाऱ्यात प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी असत आणि भीमगीतेही असत. पंढरपूरच्या वाटेवर ज्यांनी त्यांचा आवाज भक्तिभावाने ऐकला, त्यांतील कितीजणांनी त्याच गळ्याची दुसरी बाजू लावून पाहिली असेल? विठ्ठल उमप तर 2010 साली नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले.

भीमगीतांवर एक आक्षेप नेहमी येतो की, चाली सिनेमाच्या उचललेल्या असतात. बऱ्याच असतात, हे मी मान्य करतो. पण किर्लोस्करांनी 1880 साली लोकांच्या ओळखीच्या चाली घेतल्या त्याला आपण प्रतिभा म्हणतो, आणि आपल्या शाहिराने घेतल्या की त्याला चोरी म्हणतो, हा न्याय कोणता? ओळखीची चाल घेण्यात एक व्यवहार आहे. श्रोत्याला चाल आधीच येते, म्हणून त्याचे सगळे लक्ष शब्दांकडे मोकळे होते. ज्या सभेतील निम्म्या लोकांना वाचता येत नव्हते, तिथे एका रात्रीत गाणे पाठ करून घरी नेण्याचा हाच मार्ग होता. आणि जात्यावर बसलेल्या बाया तर त्याआधीपासूनच ओव्यांतून हे करीत होत्या. गी पोत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा संच आहे. त्या बायांना कोणी गायिका म्हटले नाही. त्या पीठ दळीत होत्या.

इथपर्यंत टाळ्या मिळाल्या, आभारी आहे. आता पुढचे ऐकून घ्या.

नाव बाबासाहेबांचे आहे म्हणून गाणे चांगले होत नाही. गेल्या काही वर्षांत जी नवी गाणी येतात त्यांतील पुष्कळ मला ऐकवत नाहीत. एकच घोषणा बारा वेळा, गळा यंत्रातून सपाट करून घेतलेला, आणि लय इतकी वाढविलेली की शब्द श्वासापुरतेही थांबत नाहीत. वामनदादांच्या गाण्यात एक युक्तिवाद असे. पहिल्या कडव्यात प्रश्न, दुसऱ्यात दाखला, तिसऱ्यात निकाल. ऐकणारा दुसऱ्या दिवशी कामावर ते मुद्दे वापरीत असे. हल्लीच्या अनेक गाण्यांतून घरी नेण्यासारखे काही सापडत नाही. कोणी हे बोलून दाखविले की त्याच्या निष्ठेवर शंका घेतली जाते. भीमगीत हा संगीतप्रकार आहे असे आपण जगाला सांगणार असू, तर त्यात चांगले-वाईट ठरविण्याचा अधिकारही आपल्याला वापरावा लागेल. ज्याची परीक्षाच होत नाही, त्याला प्रकार म्हणून कोण मोजणार?

आणि डीजे. तरुणांना वाटेल, हा म्हातारपणाकडे झुकलेला कारकून आता डीजेच्या नावाने बोटे मोडणार. तसे नाही. मला ठेका आवडतो, नाचणारी मुले-मुली पाहायला आवडतात, आणि वर्षातून एक दिवस रस्ता आपला असावा हेही मला मान्य आहे. बाकीच्यांच्या मिरवणुकांत तोच आवाज चालतो आणि आपल्या वेळी मात्र डेसिबल मोजणारा येतो, हा अनुभवही सर्वांचा आहे. माझी हरकत संगीताच्या बाजूने आहे. खालच्या पट्टीचा प्रचंड आवाज वरच्या पट्टीचा आवाज गिळून टाकतो, हा ध्वनिशास्त्राचा साधा नियम आहे. आपल्या भाषेतील क, च, त, स यांसारखी व्यंजने, ज्यांच्यामुळे एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा कळतो, ती वरच्या पट्टीत असतात. म्हणजे ट्रकवरच्या त्या भिंतीतून 'धम धम' पोहोचते आणि शब्द वाटेतच मरतो. शब्दांशिवायचे संगीत असते तर मी गप्प बसलो असतो. पण भीमगीताचा प्राणच शब्द आहे. ज्या गाण्याने निरक्षर माणसाला वाक्ये दिली, त्यातील वाक्येच ऐकू येऊ नयेत, आणि हे आपण वर्गणी काढून करावे, हे मला पटत नाही.

कानाचा हिशेब मात्र बँकेच्या व्याजासारखा चक्रवाढ आहे, तोही सांगून ठेवतो. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, असे एक माप शास्त्रज्ञ मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 ला केवळ पंधरा मिनिटे. मिरवणूक पंधरा मिनिटांची असते काय? रस्त्याच्या कडेला आजीच्या मांडीवर बसलेल्या मुलाची मुदत कोण मोजतो? 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ती आपणच काय, कोणीही पाळीत नाही. पण इतर पाळीत नाहीत हा कानाच्या पडद्याला सांगण्याजोगा युक्तिवाद नव्हे. कानात बोळे घालून झोपणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

आपल्या कानावर आता आणखी एक कारभारी आला आहे. मोबाईलवर एक गाणे ऐकले की तसलीच पन्नास गाणी आपोआप पुढे येतात. वरवर पाहता ही आपलीच आवड वाटते. माझ्या मुलीच्या मोबाईलने एकदा ठरवून टाकले की तिला लग्नातील गाणी आवडतात, आणि पुढे दोन महिने त्या घरात रोज लग्न होते! आमच्या लहानपणी शेजारच्या घरात जे लागे ते ऐकावेच लागे. पहाटे कोणाकडे अभंग, दुपारी रेडिओवर भावगीत, संध्याकाळी कव्वालीची कॅसेट, रात्री लांबून तमाशाची ढोलकी. न मागता कानावर पडलेल्या या गाण्यांतूनच माझी अर्धी आवड तयार झाली. भिंती पातळ होत्या, त्याचा एवढा एक फायदा झाला. आजच्या मुलांना ते मुद्दाम करावे लागेल. महिन्यातून एक तरी गाणे असे ऐका, जे तुमच्या मोबाईलने सुचविलेले नाही आणि जे तुमच्या गल्लीत कोणी ऐकत नाही.

वसतिगृहातील त्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, असे काहींनी चहाच्या वेळी विचारले होते. त्याने यादी परत भरली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेही नाही, कारण ती विचारपूस पुन्हा त्याच प्रश्नासारखी झाली असती. मी त्याला पेटीच्या एकतीस वर्षांची हकीकत तेवढी सांगितली. ऐकून त्याने एवढेच विचारले, "सर, बंदी उठल्यावर रेडिओवाल्यांनी सांगितले का, पेटी मुळात का वाईट होती?" उत्तर माझ्याजवळ नव्हते.

शेवटी कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवून बसतो. येत्या 14 एप्रिलच्या मिरवणुकीपूर्वी एक तास मैदानात बिनाट्रकचा कार्यक्रम व्हावा. एक पेटी, एक ढोलक, चार टाळकरी आणि गाणाऱ्यापुरता एक माइक. वस्तीतल्या ज्या ज्येष्ठ बायांना ओव्या येतात, त्यांना आधी बोलवावे आणि त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. बेंजो माझ्या ओळखीच्या एका गृहस्थाकडे आहे, तारा बदलाव्या लागतील, त्याचा खर्च मी देईन. ही सूचना मी लेखी दिलेली आहे. अध्यक्ष महोदय समोरच बसले आहेत, ते हसत आहेत, त्यावरून कागद त्यांच्यापर्यंत पोहोचलेला दिसतो. माइक त्यांच्याकडे देतो.